परातीतला मधला रोल

"पुढे की मागे?" मर्लने डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच विचारलं.

ओलेटाची पेन्सिल कागदाच्या वर तशीच तरंगत राहिली. खाली मैदानावर सगळं गाव उड्या मारत होतं आणि ट्रेंटन, गावाचा लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा गडी, सवंगड्यांच्या खांद्यावर चढला होता. शाळेच्या संघाने अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना जिंकला, त्यात वाद नव्हताच. वाद होता तो शेवटच्या फेकीचा.

खरं तर ट्रेंटनने चेंडू फेकलाही नव्हता. बाजूने धावणाऱ्या मित्राकडे त्याने तो नुसता हलकेच सोडला, आणि तो मित्र जो सुटला तो थेट शेवटच्या रेषेपलीकडे. आता गंमत अशी, की चेंडू वीतभर जरी पुढे गेला असेल तर ती सगळी धाव, रेषा ओलांडल्याचा तो टचडाउन, सगळं फेकणाऱ्याच्या नावावर. वीतभर मागे गेला असेल तर फेकणाऱ्याला भोपळा. चेंडू जमिनीवर पडला नव्हता, म्हणून पंचांनी तोंड उघडायचं कारण नव्हतं. उघडायचं ते ओलेटाने. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, पण शुक्रवारी दुपारी मैदानावरच्या या पत्र्याच्या खोलीत बसून फेकी टिपायचं कामही वर्षानुवर्षं तिचंच; सोबतीला दुर्बीण घेऊन मर्ल.

झेलले गेलेले चेंडू, कापलेलं अंतर, टचडाउन आणि समोरच्यांनी पळवलेले चेंडू, एवढ्या जिनसा एका पातेल्यात घालून आटवायच्या, की तळाशी एक आकडा उरतो. फेकणाऱ्याची सगळी किंमत म्हणजे तो आकडा. त्यात वारा धरत नाहीत. एखाद्या धांदरटाने देखणी फेक हातातून सांडली, तरी पाप फेकणाऱ्याच्याच माथी.

शाळेच्या व्यायामशाळेत भिंतीवर एक फळी होती. हंगामातला आजवरचा सर्वांत मोठा आकडा तिच्यावर लिहिलेला, आणि त्यापुढे नाव रॉइसचं. रॉइस म्हणजे ओलेटाचा थोरला भाऊ. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. आजची फेक धरली तर ते नाव उतरणार आणि ट्रेंटनचं चढणार.

"अगं ओलेटा, झोपलीस का?"

"गप रे. बघतेय."

"खेळ संपला. आता काय बघतेस, गवत?"

ती बघतच होती. बीटच्या शेतांवरून आलेली धूळ उतरत्या उन्हात सोन्यासारखी लोंबकळत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो तपकिरी चेंडू अजून हवेतच होता, खाली यायचं नाव घेत नव्हता. त्याच्या पलीकडे घरामागचं अंगण दिसत होतं. झाडाला टांगलेलं ट्रॅक्टरचं टायर, त्यातून आरपार चेंडू सोडणारा रॉइस, आणि पलीकडे झेलायला उभी असलेली फ्रॉकमधली ती. "हात मऊ ठेव, ओली. पाखरू घेतेस असं समज." तिच्या तळव्यांना ती जुनी चुणचुण आली.

पुढे जा रे बाबा, तिने चेंडूला मनातल्या मनात विनवलं. पुढे गेला असता तर किती सोपं होतं. नाव उतरलं असतं, ती थोडी रडली असती, गावाने तिला जवळ घेतलं असतं. पण चेंडू पुन्हा पुन्हा मैदानावरच्या एका आडव्या रेषेवरून सुटला आणि पुन्हा पुन्हा त्याच रेषेच्या वीतभर मागे झेलला गेला.

"मागे," ती म्हणाली.

मर्लने दुर्बीण खाली ठेवली. "मला काही नीट दिसलं नाही. तू पुढे म्हणालीस तर कोण विचारणारे? मागे म्हणालीस तर मात्र लोक काय बोलतील, कळतंय ना?"

"काय बोलतील?"

"गेलेल्या भावासाठी पोराच्या तोंडचा घास काढला."

"बोलू देत. मागेच गेला तो." तिने पेन्सिल टेकवली.

सोमवारी शाळेच्या जेवणात चिली होती, खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि तिच्यात बुडवून खायला दालचिनीचे गोड, पावासारखे रोल. एरवी त्या रोलवर पोरांच्या उड्या पडायच्या. आज ट्रे पुढे येत होते, नजरा येत नव्हत्या. वाफेत सगळे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे हलत होते. एक मुलगी मैत्रिणीच्या कानाशी लागली, पण ओलेटाला ऐकू जाईल अशा बेताने: "त्यांच्या घरचीच फळी आहे ना ती." ओलेटाने तिलाही वाटी भरून चिली वाढली आणि वर चीज भुरभुरलं.

परातीच्या कडेचे रोल एका अंगाने कडक होतात. अगदी मधला असतो तो चहूबाजूंनी मऊ. आईच्या परातीतला तो रोल कायम रॉइसचा. तो गेल्यापासून ओलेटा मधला रोल कोणालाच वाढत नसे. भांडी घासायच्या आधी तो ती एकटीच, उभ्याउभ्या खायची.

ट्रेंटन सगळ्यांच्या शेवटी आला.

"मिस ओलेटा, चिली उरलीय?"

"तुला उरली नाही असं कधी झालंय?"

तो ट्रेकडेच बघत राहिला. "मागेच गेला होता तो. हातातून सुटला तेव्हाच मला कळलं."

ओलेटाचा डाव वाटीवर थांबला. "घरी सांगितलंस?"

"बाबांना सांगितलं. म्हणाले, तोंड मिटून बस, चार दिवसांत ती बाई स्वतःच नोंद बदलेल."

"आणि तू?"

"आलो ना तुमच्याकडे." तो कसनुसा हसला. "आकडा तर गेला. निदान रोल तरी द्या."

परातीत एकच रोल उरला होता. ओलेटाने त्याच्याखाली उलथनं सारलं आणि तो अलगद त्याच्या ट्रेमध्ये ठेवला.

"याला कडाच नाही कुठे," ट्रेंटन म्हणाला.

"मधला आहे. गार व्हायच्या आत खा."

तो खिडकीजवळच्या टेबलाकडे गेला. ओलेटाने परात उचलून मोरीपाशी नेली. सगळीकडे साखरेचा पाक सुकला होता, फक्त मधोमध एक गोल ओलसर जागा होती. तिने नळ सोडला आणि आधी कडा धुवायला घेतल्या.