घरामागची नदी

"मिटलेला आहे का बघ, सूनबाई. अर्धा नको," मामंजी खड्ड्याच्या काठावरून वाकून म्हणाले.

मी चाळणीत पाणी ओतलं. वाळू निथळली आणि नखाएवढा शिंपला उरला. दोन्ही बाजू घट्ट मिटलेल्या.

ही पारख मीच त्यांना शिकवली होती. प्रयोगशाळेत मी वाळू धुण्याचं काम करते. सुटा अर्धा शिंपला कुठूनही वाहत येतो. मिटलेला बहुधा जिथे जगला तिथेच मेलेला असतो. आमच्या घरामागच्या खोलगट रानातून कधीकाळी नदी वाहायची, एवढं प्रयोगशाळेतल्या मॅडमना कळलं होतं. कधी, ते शोधायचं होतं. मामंजींकडे उत्तर तयार होतं. तिथे त्यांच्या आजोबांची नाव चालायची. हे त्यांना वडिलांनी सांगितलेलं, आणि त्यांनी जन्मभर कपडे शिवता शिवता प्रत्येक गिऱ्हाइकाला. शेजारचा न्हावी म्हणायचा, "मास्तर, माप घेता घेता बुडवाल एखाद्याला."

"आता त्याचं तोंड बंद," मामंजींनी शिंपला तळहातावर घेतला. "याचं वय कसं काढतात गं? दात मोजून?"

"आम्लात विरघळवून."

"म्हणजे हा उरणार नाही?"

"नाही."

जरा वेळ हातात धरून त्यांनी तो माझ्या डबीत ठेवला.

निकालाला कित्येक महिने लागले. मी कामावरून आले की ते चष्मा वर करून नुसतं बघायचे.

"सहा हजार वर्षं," एका संध्याकाळी मी सांगितलं.

"शिंपला थापा मारत नसेल?"

"मारतो कधी कधी. पाण्यात जुना चुना असला की वय फुगतं. म्हणून मॅडमनी वाळूलाही विचारलं, शेवटचं ऊन कधी पाहिलंस? गाडली गेल्यापासूनचा काळ तिच्या कणांवरून मोजता येतो. दोघांचं जुळलं. शिंपल्याच्या वर नदीचा थरच नाही, मामंजी. नुसती वाऱ्याने आणलेली माती. त्यानंतर नदी तिथे आलीच नाही."

"आजोबा काही इतके म्हातारे नव्हते," ते म्हणाले.

मला हसू आलं. त्यांना नाही.

"आई गेल्यावर मी जेवतच नसे," चष्मा काढून ठेवत ते म्हणाले. "घास भरवताना नावेची गोष्ट सांगायचे वडील."

सकाळी न्हावी दारात उभा. "काय मास्तर, लागली का नाव काठाला?"

मी आतच थबकले. निकाल त्याला ठाऊक नव्हता, कळायचं कारणही नव्हतं.

"नाव नव्हतीच," मामंजी म्हणाले. "वडिलांनी रचली होती. माझ्यासाठी."

मामंजींनी न्हाव्याकडे स्टूल सरकवलं.

"बस. नदी मात्र होती. तिची गोष्ट ऐक."