सोनाळ्याच्या वाटेवरची राहुटी

मित्रांनो, मी एक जुनी राहुटी आहे. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळात जळगाव जामोदच्या हबीबमियांनी जाड दोसुती कापडातून मला शिवलं. शेवटचा टाका घालून त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि वाऱ्यानं माझं पोट फुगलं, तेव्हा मला वाटलं, आता मी उडणारच!

मला शिवून घेतलं होतं मंजुळाबाईंनी. त्या ख्रिस्ती शाळेत शिकवत आणि सुट्टीत गावोगाव फिरून बायबलातल्या गोष्टी सांगत. मोशेच्या मागं मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक, चाळीस वर्षांचं रान, रोज खायला आभाळातून पडणारा मान्ना, ही त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट. "तेही राहुट्यांतच राहत होते," हे वाक्य आलं की मी अभिमानानं ताठ व्हायचे!

एका चैत्रात सोनाळ्याला मोठी सभा भरणार होती. मंजुळाबाईंसोबत चार कुटुंबं दोन बैलगाड्या घेऊन निघाली. मी पहिल्या गाडीवर. गाणी काय, टाळ्या काय, नुसता उत्साह! पण दुसऱ्या दिवशी दुपारी, जिच्या भरवशावर निघालो होतो ती वाटेवरची विहीर कोरडी ठाक निघाली. घागरी रिकाम्या. नारायणरावांची सात वर्षांची कोकिळा भोवळ येऊन पडली. घाईघाईनं मला उभारून तिला माझ्या सावलीत निजवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

नारायणराव भडकले. "बाई, काऊन आणलं आम्हाले या रानात? पोरगी मरावी म्हणून? घरी विहिरीले पाणी तरी होतं!"

बाकीचेही ओरडू लागले. मंजुळाबाईंचा तोल गेला. "जा मग परत! तुमच्यासारख्या कुरकुऱ्या लोकाइले घेऊन मी निघालीच काऊन?" त्यांनी माझी एक लोखंडी मेख उपटून दगडावर आपटली. खणकन आवाज झाला आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

"मोशेही असाच चिडला होता," त्या हळूच म्हणाल्या. "रागानं खडकावर काठी मारली. पाणी आलं, पण देवानं कबूल केलेल्या देशात त्याले जाता नाही आलं. नारायणराव, माफ करा मले. तुमची लेक तहानेनं पडली अन् मी तुमच्यावरच तोंड टाकून राह्यली."

त्या गुडघे टेकून बसल्या. एकेक करून सगळे बसले, नारायणरावही. प्रार्थना संपते न संपते तोच लांबून शेळ्यांच्या घंट्या वाजल्या! "शेळ्या हायेत म्हणजे पाणी हाय!" असं ओरडत मंजुळाबाई अनवाणीच धावत सुटल्या आणि अमीरबी नावाच्या म्हाताऱ्या शेळीवालीला घेऊन आल्या.

अमीरबीनं कोरड्या नदीतली एक जागा दाखवली. "इथं खणा. हातभर खाली झिरा हाय." सगळे वाळूवर तुटून पडले. हातांनी, पराती घेऊन, माझ्या जादा मेखा घेऊन! वाळू ओली लागली, गार लागली, आणि आलं, पाणी आलं! पहिला घोट कोकिळेला पाजला. तिनं डोळे उघडले. "अजून," म्हणाली. त्या एका शब्दावर मोठी माणसं पोरांसारखी नाचली!

नारायणराव घागरीमागून घागर भरू लागले. मंजुळाबाईंनी त्यांचा हात धरला. "भाऊ, मान्ना रोजच्यापुरताच घ्यायचा होता. साठवला त्यात किडे पडले. या शेळ्याही तहानेल्या हायेत."

नारायणराव ओशाळले. मग त्यांनी स्वतः परात भरून शेळ्यांपुढं ठेवली. अमीरबी हसली. "मूसा पैगंबराची, तुमच्या मोशेची गोष्ट ना हे? आमच्या घरी बी सांगतात." तिनं फडक्यातल्या भाकरी सोडल्या आणि सगळे माझ्या सावलीत जेवायला बसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी पंगत!

पुढं पंधरा वर्षं मी गावोगाव फिरले. मग विटांचं प्रार्थनामंदिर झालं आणि मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी कुरतडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण यंदा अंबूबाई नावाच्या नव्या शिक्षिकेनं मला खाली काढलं, धुतलं, ठिगळं लावली. आता सुलतानपूरच्या सभेला जायचंय!

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका, टाका घालून वापरा. आणि वाटेत पाणी आटलं, तर सोबतच्या माणसावर ओरडू नका. देवाला हाक मारा, शेजाऱ्याला विचारा, मिळेल ते वाटून घ्या. ते बघा, बैल जुंपले! मला गाडीवर चढवून राह्यले. येते मी!