धुराड्यातला बोळा

दारातल्या पत्रं टाकायच्या झडपेचा खट्ट आवाज झाला आणि पायपुसण्यावर काहीतरी पडलं.

केरेन्झा हलली नाही. सॉविनचं, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या पितरांच्या रात्रीचं, जेवण मुक्यानंच करायचं असतं. गेलेल्या माणसाचं पान मांडायचं, त्याच्या आवडीचं वाढायचं आणि ताटं उचलेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. तिनं आपल्या आईचं पान मांडलं होतं: केशरी पाव, वर लोण्याचा जाड थर, बशीनं झाकलेला चहा. पाच वर्षांची मेरिन ओठांवर बोट दाबून इमानेइतबारे गप्प होती. तीच टुणकन उतरली आणि पडलेली वस्तू घेऊन आली.

किल्ली. त्यांच्याच घराची. तिला गुंडाळलेली निळी लोकर मेरिनच्याच हातची. तीन वर्षं केरेन्झा पहाटे मासळीच्या लिलावाला गेली की शेजारची टेगन या किल्लीनं दार उघडायची, मेरिनला उठवायची, वेण्या घालायची. सोबत चिठ्ठी नव्हती. लागतही नव्हती.

बंदरावरच्या लोकांना केरेन्झा चेटकीण वाटे. ती पौर्णिमा पाळायची, दारात औषधी झाडपाला लावायची. आणि शनिवारी दोघा मित्रांबरोबर तापमापक नि ध्वनिमुद्रक घेऊन, जिथं काही ‘ऐकू येतं’ अशा घरी जायची. ही भुतं बोलावते, अशी गावची समजूत. तीन वर्षांत तिला सापडलं काय, तर एक गळका नळ, उंदरांची दोन बिळं आणि भिंतीपलीकडच्या एका म्हाताऱ्याचं घोरणं. शाळेच्या फाटकाशी बाया विचारत, “काय गं, आज चालत? झाडू कुठाय?” ती म्हणे, “दुरुस्तीला टाकलाय.” हसायची, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकत नसे.

टेगननं असं कधी विचारलं नाही. वसंतात तिचं अकरा दिवसांचं बाळ गेलं. सप्टेंबरात भांडी विसळता विसळता ती म्हणाली, “निजायच्या खोलीत तान्हं रडतं गं. तू बघशील?”

गेल्या शनिवारी सोसाट्याचा वारा होता. केरेन्झानंही ते रडणं ऐकलं. अंगावर काटा आला. मग कुठल्याही घरात फिरवायची तसा तिनं भिंतीवरून हात फिरवला. बुजवलेल्या धुराड्याला फट होती. तिनं गळ्यातला रुमाल तिथं कोंबला आणि रडणं थांबलं.

“बघ, नुसता वारा,” ती म्हणाली, गळका नळ सापडावा तशा समाधानानं. टेगनच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं ते त्यानंतर.

सोमवारपर्यंत टेगनच्या सासूनं, पास्कोबाईंनी, गावभर केलं होतं: चेटकिणीनं आमच्या तान्ह्याचा जीव हाकलला.

केरेन्झानं ताटं तशीच ठेवली आणि किल्ली घेऊन, मेरिनचा हात धरून ती टेगनकडे निघाली. गावातली पोरं काळ्या टोप्या घालून, चेटकिणी होऊन दारोदार खाऊ मागत होती. केरेन्झाच्या उंबऱ्यावरचं गोळ्यांचं भांडं मात्र काठोकाठ होतं.

पास्कोबाईंनी दार बोटभर उघडलं. “आता काय न्यायचं राहिलंय?”

“येऊ द्या तिला,” आतून टेगन म्हणाली.

ती निजायच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती.

“टेगन, तो वाराच होता गं.”

“मला काय कळत नाही? पहिल्याच रात्री कळलं होतं.” तिचा आवाज चढला नाही. “पण रडत होता ना. मी उठून बसायचे. कुणासाठी तरी उठायचे. कोंबण्याआधी मला विचारलंस?”

केरेन्झा म्हणाली, “नाही विचारलं. चुकलं माझं. पण मी कुणाला हाकललं नाही, एवढं तरी सांग त्यांना. मेरिनशी शाळेत कुणी बोलत नाहीये.”

“काय सांगू? की नव्हताच कुणी?”

केरेन्झाची नजर फटीतल्या रुमालावर गेली.

“काढ तो,” टेगन म्हणाली.

केरेन्झानं रुमाल ओढला. काजळीनं तो काळा झाला होता. दुसऱ्या हातातली किल्ली तिनं पुढे केली, पण टेगनचं लक्ष फटीकडे होतं. बाहेर धुकं दाटलं होतं, पान हलत नव्हतं. दारातल्या पास्कोबाईसुद्धा कान देऊन उभ्या राहिल्या. कुठूनच काही ऐकू आलं नाही.

जेवणापासून गप्प असलेल्या मेरिननं आईचा हात ओढला.

“आई, बाळाला कळलं असेल का गं, आता यायला हरकत नाही ते?”