प्रभूमध्ये झोपी गेला

"मावशी, तुमचे मिस्टर तर झोपेत गेलेत," विमा कचेरीतल्या अश्विनी मॅडमनी दाखला परत सरकवला. "हा विमा अपघाताचा आहे."

"झोपेत न्हाई मॅडम. बांधावर गेले. ईज पडली अंगावर."

"मग हे काय लिहिलंय?"

ख्रिस्ती देवळाच्या दफनाच्या वहीतला उतारा होता तो. 'इसहाक दगडू पाटोळे, वय ५८, प्रभूमध्ये झोपी गेला.'

"आमच्यात असंच लिवत्यात," लिडिया म्हणाली. "मेला म्हनत न्हाईत."

"कंपनीला कसं कळायचं ते? पंचनामा नाही, पोस्टमार्टेम नाही. हा एकच कागद." मॅडम वाईट नव्हत्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "वीज म्हणजे दैवी आपत्ती. तिचे दोन लाख मिळतात. झोपेचे मिळत नाहीत. पाळकांकडून वीज लिहून आणा."

श्रीरामपूरहून एसटीनं परतताना लिडिया कुणाला दोष देणार? पोस्टमार्टेम तिनंच होऊ दिलं नव्हतं. शेवटच्या दिवशी कबरेतून उठायचं, तर माणूस अख्खा नको? आणि वहीत वीज लिहू नका, असं पाळकसाहेबांना हात जोडून तिनंच सांगितलं होतं. शेजारची झुंबरबाई मढ्यापाशी बसूनच बोलली होती, "ईज उगाच न्हाई पडत बाई. देव नेम धरून मारतो." तीस वर्षं देवळाची झाडलोट केलेल्या माणसाबद्दल.

पण लेकीचं, एंजेलाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष फीवाचून अडलं होतं.

पाळक अँड्र्यू साहेबांनी वही उघडली. "लिडियाबाई, तुम्हीच तर म्हणाला होतात."

"व्हय, मीच. आता मीच सांगती, ईज लिवा."

"नोंद बदलायची तर रविवारी मंडळीपुढं वाचावी लागते. पंचांचा नियम आहे."

"वाचा की."

"झुंबरबाई असेल."

"आसंलच. एकादशीच्या घरी शिवरात्र चुकंल, तिची उपासना चुकायची न्हाई."

पाळकसाहेबांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

रविवारी उपासनेनंतर त्यांनी वाचलं, "इसहाक दगडू पाटोळे याचा मृत्यू अंगावर वीज पडून झाला, अशी दुरुस्ती करण्यात येत आहे." पुढच्या बाकावरून झुंबरबाईनं मान वळवून लिडियाकडं पाहिलं. सावकाश, पुरतं पाहिलं.

"आमेन," झुंबरबाई म्हणाली.

सोमवारी मॅडम दोन्ही दाखले घेऊन आतल्या साहेबांकडं गेल्या. बाहेर आल्या त्या खालीच बघत.

"आधी झोप, आता वीज. साहेब म्हणतात, पैशासाठी देवाघरचा कागद बदलला. नामंजूर केलं, मावशी."

"खरं हाय म्हनून बदललं."

"मला पटतंय हो."

"मग पहिला तरी खरा धरा."

"त्यात अपघात नाही. आणि दुसऱ्यावर विश्वास नाही."

लिडियानं दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली. मागच्या बाकड्यावर एक बाई नंबरची वाट बघत बसली होती. तिनं सरकून जागा केली.

"बसा जरा. कशानं गेले वं मालक?"

लिडियानं तोंड उघडलं. हातातल्या घडीकडं पाहिलं.

"गेले," ती म्हणाली, आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.