लोंबता धागा

लोंबता धागा दिसला की माझ्या नवऱ्याचे हात शिवशिवतात. शहाद्यात एसटी स्टँडच्या मागे आमचं शिवणकामाचं दुकान आहे. सत्तार टेलर म्हटलं की साखर कारखान्याचे कामगारही ओळखतात आणि तोरणमाळहून बाजाराला उतरणारी माणसंही. गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी हे त्याला परत बोलावतील, बाहीचा धागा बोटाला गुंडाळतील आणि झटक्यात तोडतील. एका निकाहात तर काझीसमोरच नवरदेवाच्या शेरवानीचा धागा यांनी दातांनी तोडला. मी लाजेनं अर्धी झाले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही," असं मी तेव्हा चारचौघींत म्हणाले होते. बोलायला काय जातं!

आणि त्या दुपारी त्याच माणसाच्या छातीतून दोन धागे लोंबत होते.

तारा होत्या त्या. पण मी पडले शिंप्याची बायको, मला धागेच दिसले. नंदुरबारच्या दवाखान्यात यांच्या हृदयाची झडप बदलली होती. झडप छान बसली, पण हृदय आपणहून ठोका द्यायलाच तयार नव्हतं. डॉक्टर हेमकांतनी मला बाजूला घेऊन समजावलं, "चाची, आत सूज आहे. ती ओसरली की बहुतेक स्वतःचे ठोके सुरू होतील. तोवर हा डबा तारांमधून ठोका देतोय. नाहीच जमलं तर कायमचं यंत्र बसवू, पण अंगात ताप आहे तोवर तेही करता येणार नाही. सध्या जे आहे ते या तारांवर आहे."

हातात मावेल एवढा डबा, त्यावर एक दिवा लुकलुकत होता. त्या दिव्यावर माझा संसार चालला होता.

मोहिनी नावाची सिस्टर होती, नवापूरकडची. तिनं मला आत बोलावून घेतलं. "चाची, यास्ना जवळ बठा. हात धरी ठेवा. गुंगीमा पेशंट नळ्या ओढतस."

बसले हात धरून. हे तापानं बरळत होते. "मन्हा हात सोड, आयशा. गिऱ्हाईक उभं शे."

"उभं ऱ्हाऊ द्या. दुकान बंद शे," मी म्हटलं.

"बंद? कोन बंद करं?"

"मी. आते गप पडा."

जरा वेळानं ते शांत झाले. ओठ सुकून पांढरे पडले होते, म्हणून मी हात सोडून ओला कापूस घेतला. तेवढ्यात त्यांचा हात छातीकडे गेला. मी पाहिलं बरं का, डोळ्यांनी पाहिलं. अंगठ्यानं धागा चाचपला, बोटाला गुंडाळला. पण इतकी वर्षं रोज बघितलेली ती हालचाल, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दुकानात बसल्यासारखी मी बघत राहिले.

"धागा लोंबी ऱ्हायना," ते म्हणाले आणि झटका दिला.

उशाशी ठेवलेलं यंत्र किंचाळलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. यांचे डोळे वर गेले.

"या अल्ला! मोहिनी! मोहिनी!"

ती धावत आली, मागोमाग डॉक्टर. तिनं दोन रुंद चिकट पट्ट्या छाती-पाठीवर थापल्या आणि बाहेरून ठोके देणारं दुसरं यंत्र सुरू केलं. ठोक्या-ठोक्याला यांचं अख्खं अंग पलंगावर उसळायला लागलं. "चाची, बाहेर जा," कुणीतरी ओरडलं. मी नाही गेले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"एक तार पार निघून आली," डॉक्टर म्हणाले. "दुसरी हृदयावर आहे अजून. पण एकीवर करंट फिरत नाही, परतीला दुसरी वाट हवी. कातडीत टाका घालू. सुई द्या."

त्यांनी बारीक तार लावलेली सुई छातीच्या कातडीत घातली. जन्मभर मी टाके बघत आले, पण माणसाच्या कातडीत घातलेला तेव्हाच पाहिला. घट्ट मार रे भाऊ, मी मनात म्हणत होते, ढिला नको, घट्ट मार.

टाक्याचं टोक डब्याला जोडलं. काहीच नाही. डॉक्टरांनी करंट वाढवला. तरी काही नाही. आणखी वाढवला. मग पडद्यावरच्या रेघेला एक टोक वर आलं. दुसरं आलं. मग येतच राहिली.

बऱ्याच वेळानं यांनी डोळे उघडले आणि कुरकुरले, "सुई कोन टोची ऱ्हायना?"

असा संताप आला मला! दोन लगावून द्याव्यात असं वाटलं आणि त्याच क्षणी गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. अंगावरची ओढणी काढली आणि त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्याला बांधून टाकले. मोहिनीनं गाठी सैल आहेत ना एवढं बोट घालून पाहिलं.

पुढे रोज सकाळी डॉक्टर डब्याचे ठोके कमी करून बघायचे. पडद्याकडे बघत थांबायचे आणि यांचा ठोका आला नाही की पुन्हा वाढवायचे. माझा जीव टांगणीला लागलेला. जित्याची खोड म्हणाले होते ना मी? स्वतःचीच जीभ चावावीशी वाटायची.

मग एका सकाळी त्यांनी डब्याचे ठोके कमी केले आणि हात मागे घेतला. पडद्यावरची रेघ जरा वेळ सपाटच राहिली. मग एक ठोका आला, हळू, पण आला.

"हा त्यांचा स्वतःचा," डॉक्टर म्हणाले.

तो दिवस तसाच गेला, ठोके सुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी उरलेली तार हलकेच ओढून काढली, कातडीतला टाकाही कापला. मी गाठी सोडल्या. बांधून बांधून ओढणीचा काठ उसवला होता आणि त्याचा एक लांब धागा यांच्या पोटावर लोंबला.

यांनी पाहिला. दोन बोटांत धरला. मग माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिला.

भर निकाहात धागा तोडणारा माणूस, त्यानं धागा सोडून दिला! इतके दिवस अडवलेलं रडू फुटलं.

"तोडा," मी म्हटलं.

"नको."

"तोडा ना! काही होत नही आते."

त्यांनी धागा बोटाला गुंडाळला आणि झटका दिला. मी ओढणीकडे बघितलंच नाही. पडद्याकडे बघत होते. ठोके चालू होते.