वरचं फडकं

कपाटाच्या दाराला हात लावून ओनुई तशीच उभी राहिली. आत पेटी होती. झाकणावर शिंपल्याचा मोर. त्याच्या पिसाऱ्याचा तुकडा न् तुकडा तिने मागच्या अंगाने रंगवून बसवलेला आणि त्यावर रोगणाचा शेवटचा हात दिलेला. डच जहाज परवा नागासाकी सोडणार होतं. पुढचं जहाज थेट वर्षाने.

"उघड ना," तिचे ताडमाड उंच सासरे कान्बेई मागून म्हणाले. "पेटी काय चावते?"

तिचा नवरा गेल्यावर सासऱ्यांनी सरळ सांगून टाकलं होतं. ही पेटी जहाजावर चढली, तर कामाच्या खोलीत तुझी जागा कायम. नाही चढली, तर तू माहेरी जायचं आणि मी पुतण्याला दत्तक घ्यायचं. तो पुतण्या, सोजिरो, आज सकाळपासून भिंतीला टेकून बसला होता.

रोगण काही उन्हात वाळत नाही. त्याला दमट, कोंदट हवा लागते. म्हणून कपाटात ओली फडकी टांगायची. पण चार दिवस उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला, बोट लावावं तर लेप चिकटायचा. काल दुपारी ओनुईचा धीर सुटला. कुणी नाही असं पाहून तिने खालची फडकी नेहमीपेक्षा जास्त भिजवली. घाईपुढे अक्कल कुठे चालते?

तिने दार सरकवलं.

मोराच्या गळ्यापासून पिसाऱ्यापर्यंत सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरच्या सायीसारख्या. ओल फार झाली की वरचा थर झटकन आखडतो आणि खालचा ओलाच राहतो. आता महिनाभर हात लावायची सोय नाही.

"वहिनी, मोर म्हातारा झाला की हो," सोजिरो म्हणाला. "काका, एवढं पाणी कुणी मारलं?"

कान्बेईंनी मान फिरवली.

"मी," ओनुई म्हणाली. "काल दुपारी. राहवलं नाही, मामंजी."

"झालं तर मग." सोजिरो उठला. "बोचकं बांधायला मदत करू?"

तेवढ्यात तिच्या मनगटावर थेंब पडला. तिने वर पाहिलं. सगळ्यात वरचं फडकं चिंब होतं, अजून ठिबकत होतं. पाटावर चढूनही तिचा हात तिथवर पोचत नसे. तिने मनगट बाहीला पुसलं.

"बस खाली, सोजिरो."

कान्बेईंनी टाचाही न उचलता ते फडकं काढलं आणि दाराबाहेर पिळलं. पाणी बराच वेळ गळत राहिलं.

"हे मी भिजवलं. आज पहाटे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं जगाला सांगत आलो, रोगणाला घाई करू नका म्हणून."

"पण जहाज?" ओनुईच्या तोंडून कसंबसं निघालं.

"जाईल. वर्षाने येईलही."

त्यांनी सुरकुत्या घासून काढायच्या कोळशाचे दोन तुकडे घेतले. एक स्वतःच्या पाटापुढे ठेवला, एक तिच्या नेहमीच्या जागेपुढे. मग कपाटाला कुलूप घालून किल्ली सोजिरोच्या हातावर ठेवली.

"महिनाभर तू सांभाळ," ते म्हणाले. "आम्हा दोघांचा भरवसा नाही."