पडद्यावर पुसलेले डाग

हॉल माणसांनी गच्च भरला होता. समोर भिंतीएवढा पडदा, बाजूला काचबाबा. हातात टॅब, चेहऱ्यावर साऱ्या जगाची दया.

"कॅन्सर म्हणजे अंधार. अंधाराला सुया कसल्या टोचता? त्याला प्रेमाने पुसा."

पडद्यावर एक स्कॅन उमटला. राखाडी शरीर, त्यात काळे डाग. बाबांनी टॅबच्या काचेवरून अंगठा फिरवला, तसे डाग विरत गेले. लोक हमसून रडायला लागले.

शेवटच्या रांगेत बसलेल्या एका बाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ती इस्पितळात स्कॅन काढायची. हा तिच्या दादाचा स्कॅन होता, तिनेच तीन महिन्यांपूर्वी काढलेला. दादा पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता.

केमोच्या दोन डोसांनंतरच्या त्या स्कॅनमध्ये डाग निम्मे फिके झाले होते. औषध लागू पडत होतं. पण दादा रोज मानेवरची गाठ चाचपायचा. "आहे तेवढीच आहे, तुमच्या मशीनला काय कळतंय," म्हणत त्याने उपचार सोडले. गाठ आधी आतून विझते, आकार मागाहून उतरतो, हे सांगून सांगून ती थकली होती.

ती तरातरा पुढे गेली.

"बाबा, डाग गेले, ठीक. मेंदू कुठे गेला?"

तिने पडद्यावरच्या रिकाम्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"स्कॅनआधी आम्ही साखरेसारखं औषध टोचतो. कॅन्सर ते अधाशासारखं खातो, म्हणून काळा दिसतो. मेंदूही साखरेवरच जगतो, तोही काळा दिसतोच. यांनी तोही पुसलाय."

तिने टॅब काढून घेतला आणि कडेची पट्टी मागे सरकवली. आधी मेंदू आला, मागोमाग एकेक डाग.

"चित्र फिकं-गडद करायची पट्टी आहे ही. मी दिवसातून वीसदा फिरवते. माझ्या कुणी पाया पडत नाही."

बाबांनी मागच्या दाराने पोबारा केला.

आठवड्याने दादाचा नवा स्कॅन झाला. डाग यकृतापर्यंत गेले होते. डॉक्टर म्हणाले, "उपचार सोडले तेव्हा बरं होण्याची चांगली आशा होती. आता आजार फक्त थोपवून धरू."

"एवढा शिकलेला मी, मला कसं गं कळलं नाही?" दादाने विचारलं.

"तू घाबरला होतास रे," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

तुमच्या घरात कुणी असं घाबरलेलं असेल, तर त्याला हसू नका. हात धरून डॉक्टरांकडे न्या. स्कॅन समजावून घ्या, कळलं नाही तर पुन्हा विचारा. पण डोस चुकू देऊ नका. दादाचे ते तीन महिने आता कुणीही परत आणू शकत नाही.